डब्याची गाठ

बायको गेल्याचं त्याला कळलं ते दुपारी, पार्सल ऑफिसात एका खोक्याला दोरी आवळताना. सांगायला मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, आणि ती कामाला होती त्या साबण कारखान्याचा मुकादम.

"दाजी, ताई गेली," तो म्हणाला, आणि कोणी विचारलं नसताना लगेच, "तिचीच चूक झाली हो. कॉस्टिकवर पाणी ओतलं तिने."

तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. ते वाक्य टोचायला लागलं आठवड्याने.

बारा वर्षं ती कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवत होती. घरी सांगायची, "चूल नाही, जाळ नाही, तरी पिंपाला हात लावून दाखवा. सोड्याला पाणी भेटलं की आतली उष्णता बाहेर पडते. भरपूर पाण्यात सोडा थोडा थोडा टाकला, तर ती सगळ्या पाण्यात वाटली जाते. सोड्याच्या ढिगावर पाणी ओतलं, तर तेवढ्याशा पाण्याला ती झेपत नाही. जागच्या जागी उकळी फुटते आणि सगळं अंगावर येतं." अशी बाई सोड्यावर पाणी ओतेल?

त्या फुकटच्या आचेवर ती जेवण गरम करायची. पिंपात सोडा टाकायला लागली, की आधी डब्याचं फडकं सोडून खिशात आणि डबा पिंपाच्या झाकणावर. कॉस्टिक लागलं तर फडक्याला भोकं पडतात. डबा तिला रोज तो स्वतः बांधून द्यायचा, पार्सलची दुहेरी गाठ मारून.

"मला काय परगावी पाठवताय?" ती म्हणायची. "दात लावावे लागतात सोडायला!"

एकदा सुटली की ती गाठ परत बांधणं तिला काही जमलं नाही. संध्याकाळी फडकं खिशातूनच घरी यायचं.

कारखान्याने तिच्या कपाटातलं सामान पिशवीत घालून पाठवलं होतं. पिशवी फळीवर तशीच पडून होती. आठव्या दिवशी वास सुटला, म्हणून त्याने डबा बाहेर काढला. फडकं बांधलेलं होतं. गाठ त्याची स्वतःची होती.

संध्याकाळी मेहुणा आला. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. त्याने कागद पुढे केला. 'मयत कामगाराच्या चुकीमुळे' असं त्यावर छापलं होतं.

"सही करा दाजी, म्हणजे मिटलं."

"तिने पिंप कधी सुरू केलं?"

"दहाला, रोजच्यासारखं. साडेदहाला झालं ते."

"तू बघितलंस?"

"समोरच तर होतो."

"मग डबा?"

"आता डबा कुठून आला मध्येच?"

त्याने डबा समोर ठेवला. मेहुण्याने गाठ पाहिली आणि हसल्यासारखं केलं.

"विसरली असेल एखाद्या दिवशी."

"बारा वर्षांत त्याच दिवशी?"

"संशय घेताय माझ्यावर? सख्खी बहीण होती माझी!"

"मी कुठे तुझं नाव घेतलं?"

त्याने चहा करून मेहुण्यापुढे ठेवला. एरवी सगळं उजव्या हाताने करणारा माणूस, त्याने कप डाव्या हाताने उचलला. उजवा हात मांडीवरच राहिला. अर्धा चहा टाकून तो उठला आणि "कागद ठेवून जातो" म्हणत जिना उतरला.

मेहुणा गेल्यावर तो डब्याकडे बघत बसला. तिने त्या दिवशी काम सुरूच केलं नव्हतं. सोडा पिंपात कोणीतरी आधीच टाकून ठेवला होता, आणि घाईत वर पाणी ओतलं होतं. तिला तिथे हाक मारून बोलावलं असणार. आणि तिला हाक मारायचा हक्क एका मुकादमालाच होता.

या गोष्टीला महिना झाला. कागदावर सही केलेली नाही. डब्याची गाठ सोडलेली नाही. आणि मेहुण्याला उजवी बाही वर कर, असं त्याने अजून सांगितलेलं नाही.