गवतही उगवत नाही

इतवारीच्या बाजारात आमच्या खोलीखाली भांड्यांचं दुकान होतं. तान्ह्या देवकीचा डोळा लागतो न लागतो, तोच खाली पितळी हंड्यावर ठोका पडे आणि ती दचकून उठे. दीड वर्षात पोरगी सलग दोन तास झोपली नव्हती, आणि मीही. म्हणून ह्यांनी गांधीबागेतल्या नऊ कापडवाल्या मित्रांबरोबर शहराबाहेर, मानेवाड्याच्या पुढे तीन एकर शेत घ्यायचं काढलं, तेव्हा मी न बोलता पाटल्या उतरवून दिल्या. बिगरशेतीची परवानगी मिळाली, तर दहा घरं. नाही मिळाली, तर दहा जणांत एक माळरान.

अर्ज महादेवरावांनी लिहिला. ते सगळ्यांत वडील, आणि लिहायला बसले की हात आवरत नसे. जमीन खडकाळ, शेतीच्या लायकीची नाही, इथपर्यंत ठीक होतं. पुढे त्यांनी शेतातली भरली विहीर कागदावर कोरडी करून टाकली आणि शेवटी गवतही उगवत नाही असं लिहून सही केली.

दर रविवारी ही मंडळी पावलांनी जमीन मोजत. दर वेळी ती वेगळी भरे. मी विहिरीजवळ बोरीखाली बसे. तिथं देवकी तीन-तीन तास झोपे. रिकाम्या हातांनी किती बसणार, म्हणून मी वांग्यांची दहा-बारा रोपं लावली, पाणी शेंदून घातलं. अर्ज मी वाचला नव्हता, आणि वांग्यांनीही.

परवानगीसाठी तहसिलीतले साहेब पाहणीला येणार होते, त्या सकाळी महादेवरावांना ती वांगी पहिल्यांदा दिसली.

"हे काय करून ठेवलं वं बाई?"

कोणी विहीर झाकायला तिच्यावर बोरीच्या काट्या टाकल्या. मी लगडलेली झाडं मुळासकट उपटली, टोपलीत भरली आणि वर देवकीचं दुपटं घातलं.

साहेबांना महादेवरावांनी एकेक दगड कौतुकानं दाखवला. साहेब मान हलवत राहिले. मग त्यांनी पाण्याचं विचारलं. थेंब नाही, महादेवराव म्हणाले.

"मग दहा घरं पिणार काय? इथं वस्तीची शिफारस मी कशी करू?"

हे कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. बोरीखाली पोरगी गाढ झोपली होती. मी टोपलीवरचं दुपटं काढलं.

"पाणी आहे जी साहेब. हे पाहा."

साहेबांनी एक वांगं हातात घेतलं. मग अर्ज पाहिला, मग महादेवरावांना.

"इथं गवतही उगवत नाही ना?"

हे गवत नव्हे, महादेवराव हळूच म्हणाले.

"म्हणजे शेती होते."

"शेती नाही जी, परसबाग," मी म्हटलं.

"परसबाग घरामागं असते. घर कुठं आहे?"

"त्याचीच तर परवानगी मागून राहिलो आम्ही."

साहेब हसले नाहीत. काट्या बाजूला करवून त्यांनी विहिरीत खडा टाकला, आवाज ऐकला आणि अर्जातली शेवटची दोन वाक्यं महादेवरावांच्याच हातानं खोडून घेतली.

चार महिन्यांनी परवानगी आली. मंजूर नकाशा आमच्या खोलीत पसरला. विहिरीजवळच्या माझ्या वाफ्यावरून तीस फुटांचा रस्ता गेला होता. चिठ्ठ्या टाकल्या, तर आमचा प्लॉट निघाला पार दुसऱ्या टोकाला, निव्वळ खडकावर. पाया खोदायला सुरुंग लावावा लागेल, ह्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. लावा म्हटलं. देवकीला मांडीवर घेऊन मी आमच्या चौकोनात पेन्सिलीनं स्वयंपाकघर काढलं. ह्यांनी ते दोनदा खोडलं. मी तिसऱ्यांदा काढलं, जरा मोठं.