बोडीचा काठ

नागपूरहून आलेल्या डॉ. सुरेंद्र सरांनी सोनोग्राफीचा प्रोब एका रुग्णाच्या छातीवर टेकवला. पडद्यावर वर आडव्या रेघा उमटल्या, खाली दाणेदार ठिपके.

“वर लाटा, खाली वाळू. समुद्रकिनारा दिसला, की फुप्फुस छातीला लागून हलतंय. नुसत्याच रेघा, तर मध्ये हवा साठलीय. दिसला किनारा?”

“दिसला, सर!”

गडचिरोलीच्या त्या ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षणाला आलेल्या बाराच्या बारा डॉक्टरांच्या माना हलल्या. हर्षाचीही, जरा उशिरानं.

चहाला तिनं अंकुशला गाठलं. “तू समुद्र पाह्यला काय?”

“टीव्हीवर. तू?”

“कॅलेंडरवर.”

“मंग मान काऊन हलवली?”

“तू हलवली म्हणून.”

बॅनरपुढे फोटोची मांडामांड चालली असतानाच मनसारामला आणलं. मासे घेऊन येताना बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून त्याची मोटारसायकल घसरली, हँडल छातीवर बसलं. ओठ निळे, श्वास तोकडा. हर्षा रांग सोडून धावली, तिनं त्याच्या छातीवर प्रोब टेकवला.

“किनारा दिसतोय ना?” सरांनी रांगेतूनच विचारलं.

“दिसते, सर!” अकरा जण कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले.

हर्षाला काही कळेना. किनारा असेल तर चंद्रपूरला न्यायला वेळ होता. नसेल तर हवा काढायला सुई आत्ताच, नाहीतर मनसाराम रस्त्यातच जाणार. तिनं उजवी छाती पाहिली, मग डावी. दोन्ही चित्रं शेजारीशेजारी ठेवली. मनसारामची बायको चंदाबाई पडद्याकडे डोळे लावून उभी होती. तिचा जन्म जाळं टाकण्यात गेलेला.

“चंदाबाई, बोडीचं पाणी संपून चिखल कुठी लागते, दाखवा बरं.”

चंदाबाईनं उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवलं. “इथी. हे पाणी, हा काठ.” डावीकडचं पाहून ती चिडलीच. “अन् इथी तं काठच नाई! नुसतं पाणीच पाणी. कोनं खाल्ला?”

“सर, किनारा नाही!” हर्षा ओरडली. “अन् समुद्र मी पाहिलेलाच नाही. आमच्यातल्या कोणीच नाही!”

सुई बसली. फुस्सकन हवा सुटली. थोड्या वेळानं मनसारामच्या ओठांवर रंग आला.

“मासोळ्या कुठी हायेत?” त्यानं विचारलं.

“आग लागो मासोळ्यांले! तू जित्ता हायेस ते पाय.”

प्रमाणपत्रं फोटो पाहून निघाली. फोटोत अकरा जण होते, म्हणून आली तीही अकराच. पण त्या अकरांपैकी कोणीही छातीवर प्रोब टेकवला, की हर्षाचा फोन वाजतो.

“मॅडम, पडद्याचा फोटो टाकला. पाहा ना, काठ हाये काय?”