लाल अक्षरातली रुपली

पोळपाटाचा एक पाय आखूड होता. लाटणं फिरलं तसा तो फरशीवर 'टक' वाजला आणि सविताने हात आवरला. पलंगावर प्रज्ञाने कूस बदलली, पण डोळे उघडले नाहीत. घर पुन्हा निवांत झालं. पोर उठायच्या आत डबा, पाणी, अंघोळ उरकायची होती आणि आज भरीला तालुक्याची बैठक.

बैठकीत काय होणार हे तिला ठाऊक होतं. सविता बोदवडला राहायची आणि शेजारच्या तालुक्यातल्या उपकेंद्रावर नर्स होती. तिच्या यादीत एकच नाव लाल होतं: रुपली, वय सात महिने, वजन चार किलो नऊशे. तिचं बिऱ्हाड सातपुड्याच्या पायथ्याचं. कापूस वेचायला आलं, दोन महिने शेताच्या बांधावर पाल ठोकून राहिलं आणि वेचणी संपताच तापीपलीकडे, धुळे जिल्ह्यात गेलं.

नव्या पोर्टलने दवाखाने, अंगणवाड्या, आश्रमशाळा सगळ्यांना एकमेकांशी जोडलं होतं. पोर गाव बदललं की इकडच्या नर्सने 'पाठवले' दाबायचं, तिकडच्या नर्सने 'स्वीकारले'. तोवर नाव लाल होऊन मधेच लटकायचं आणि पाठवणारीच्या माथी राहायचं. सविताने पाठवून बावीस दिवस झाले होते. तिकडची नर्स दिपमाला काल फोनवर म्हणाली होती, "मी काय करू ताई? पोर मना डोयासमोर शे. पन साहेब म्हनतस, कमी वजननं पोर लेऊ नको, आपला आकडा खाले जास." तिच्या बोलण्यामागे एक बारीक, चिरका रडका आवाज येत होता.

बैठकीत भिंतीवर यादी झळकली. पोर्टल सांभाळणारा मोतीलाल म्हणाला, "सविता सिस्टर, बठ्ठा तालुका हिरवा झाला. तुमची एवढी एकच मिरची लाल राहिली."

हशा पिकला.

"हे बटन बघा, 'आढळले नाही'. दाबा आणि मोकळ्या व्हा."

"दाबल्यावर काय होतं, भाऊ?"

"नाव बंद. इथूनही, तिथूनही."

"म्हणजे तिला कुणी बघायलाच जाणार नाही."

"तुम्हाला काय करायचंय? सगळ्याच दाबतात."

सविता उभी राहिली. आवाज निघाला तो खणखणीत. "आढळली नाही असं मी कसं लिहू? काल फोनवर तिचं रडणं ऐकलंय मी. जिचं रडणं ऐकलं ती सापडत नाही म्हणून सांगू?"

बैठक घेणाऱ्या तालुक्याच्या साहेबांनी चष्मा काढला. "हट्ट सोडा बाई. उपकेंद्राचा शेवटचा नंबर लागेल. नोटीस निघेल."

"निघू द्या साहेब. कारणही लिहा तिच्यात. रुपलीचं नाव घालून लिहा."

आता कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बस वं आता." सविता बसली. बटन तिने दाबलं नाही.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिने दिपमालाला फोन लावला. "स्वीकारू नकोस तू. तुझा आकडा तुझ्यापाशी राहू दे. फक्त दर बुधवारी तिला काट्यावर घाल, अंगणवाडीतला खाऊ पोचव आणि मला कळव. मी माझ्या यादीत भरते."

"तुनी यादीमा? मना काटावरलं वजन?"

"शेऱ्यात तसंच लिहीन. खोटं काही नाही त्यात."

मग दिपमाला हसली. "माय वं, तू मले भी लाल करशी!"

पहिल्या बुधवारी चार किलो नऊशे पन्नास. दुसऱ्या बुधवारी पाच किलो. दर वेळी सविता शेऱ्यात लिहायची, 'वजन तापीपलीकडे घेतले'. नोटीस आली, ती तिने वाचून कपाटात ठेवली. मोतीलालचा फोन आला, "शेऱ्यात गोष्टी लिहिता का सिस्टर?"

"खरी आहे ना गोष्ट? मग राहू द्या."

चौथ्या बुधवारी पाच किलो दोनशे! दिपमाला ओरडतच बोलत होती, "मनं बोट धरं ते सोडेच ना!" त्या दिवशी सविताने प्रज्ञाला उचलून घरभर फिरवलं. प्रज्ञालाही नाद लागला होता. फोन वाजला की धावत यायची, "रुपली किती झाली?"

पाचव्या बुधवारी फोन यायला चार वाजले. दिपमालाचा आवाज पडलेला होता.

"ताई, काटा लीसन गऊ मी. तठे पाल नही, चूल नही. बठ्ठा बिऱ्हाड उचलीसन गयात. कोनी म्हने सुरत, कोनी म्हने आनखी पुढे."

"फोन लागतो का त्यांचा?"

"बंद शे."

सविताने पोर्टल उघडलं. या आठवड्याच्या वजनाची चौकट रिकामी होती आणि खाली ते बटन तसंच होतं. आता ते दाबलं असतं तर कुणी तिला खोटी म्हटलं नसतं. तिने अंगठा बाजूला घेतला आणि शेऱ्यात सावकाश लिहिलं, 'शोध चालू आहे. सविता.' नाव लालच राहिलं.

प्रज्ञा मांडीवर चढून फोनमध्ये डोकावली. "रुपली किती झाली?"

"ती दुसऱ्या गावाला गेली गं, बाळा."

प्रज्ञाने फोनमधल्या लाल नावावर बोट ठेवलं.

"मग आता तिला काट्यावर कोण ठेवणार, मम्मी?"