मागच्या फाटकाचा ठराव

बैठकीला सात सोसायट्यांचे सात प्रतिनिधी होते. खुर्च्या वीस, चहाचे कप आठ. आठवा कप मागच्या वस्तीतल्या मथुराबाईंचा. त्यांनी तो घेतला नाही.

वाघोलीतल्या आमच्या महासंघात प्रत्येक सोसायटीला एक मत. 'आकाशदीप'मध्ये चारशे ऐंशी फ्लॅट, आमच्यात छत्तीस. आमचे प्रतिनिधी बाबा; त्यांचा घसा बसला होता म्हणून मी गेले. "फाटक उघडंच राहू दे, असं सांग," ते कसेबसे म्हणाले होते. बैठकीआधी जिन्यात आणखी तीन प्रतिनिधी मला हेच म्हणाले. शेजारच्या सोसायटीचे श्रीनिवासकाका धरून सातांपैकी आम्ही पाच झालो.

बैठक नेहमी आकाशदीपच्या हॉलमध्येच होते. ठरावही त्यांचे सेक्रेटरी रविराज छापून आणतात. मतदान होत नाही. ते ठराव वाचतात, "हरकत?" विचारतात, आणि पान उलटतात. शेजारच्या वस्तीशी महासंघाने कसं वागायचं, ते असंच ठरत आलंय.

या वेळचा ठराव: वस्तीकडचं मागचं फाटक कायमचं बंद. कारण, आकाशदीपमधल्या दोन सायकली चोरीला गेल्या.

"त्यातली एक तुमच्याच पार्किंगमध्ये सापडली ना?" श्रीनिवासकाकांनी विचारलं.

"काका, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्वाला कुलूप लावा. फाटकाला कशाला?"

मथुराबाई उभ्या राहिल्या. "दादा, ह्यो रस्ता आमच्याच रानातनं गेलाय. उजाडल्यावर भाजी काढायची आन् सात धाची स्वारगेटची गाडी धरायची. गुडघा असला हाय. वळसा घालून गाडी गावायची न्हाई."

"मतदान घ्या," काका म्हणाले. "हात वर केल्याने खांदेही मोकळे होतात."

"अवश्य घेऊ," रविराज हसून म्हणाले. "फक्त त्याआधी उन्हाळ्यातल्या पाणीवाटपाचं उरकून घेऊ. आपल्या विहिरीतून यंदा कोणाला किती द्यायचं, ते आज ठरवायचंय."

विहीर आकाशदीपची. टँकर आला नाही की चार सोसायट्या तिच्यावर असतात. आमची त्यातलीच. रविराजांनी वेळापत्रक वाचलं. आम्हाला एक दिवसाआड अर्धा तास होता. खाली पेन्सिलने लिहिलं होतं: 'तात्पुरते'.

मग मतदान झालं. ठरावाच्या बाजूने सहा हात वर गेले. त्यातला एक माझा. विरोधात श्रीनिवासकाका एकटे. त्यांच्या सोसायटीची स्वतःची बोअरवेल आहे.

"आजी, माझ्या हातात काही नाही," रविराज मथुराबाईंना म्हणाले. "महासंघाचं ठरलंय."

फाटकाला कुलूप लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मथुराबाईंबरोबर निघाले. भाजीची पाटी त्यांनी मला घेऊ दिली नाही. "तुमाला जमायचं न्हाई, ताई," एवढंच म्हणाल्या. वाटेत त्या तीनदा बसल्या.

फाटकातून थांब्यापर्यंत ३१० मीटर, सात मिनिटं. वळसा घालून १,४२० मीटर, चौतीस मिनिटं. आम्ही सहा पंचावन्नला निघालो होतो. पोचलो तेव्हा बस जाऊन एकोणीस मिनिटं झाली होती.