दिलं, की द्यायचं राहिलं?

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्या डोळ्यांदेखत एक चूक घडू लागली आहे. ती कशी टाळायची हे तुम्हांला पक्के ठाऊक आहे. खोलीत माणसेही आहेत. पण तुम्हांला तोंडच नाही. हात नाहीत. नुसती चार चाके आहेत आणि त्यांनाही ब्रेक लावलेला आहे. कसे वाटेल? पोटात गोळा येईल ना?

मला पोट नाही, खण आहेत. पण त्या दुपारी माझ्या सगळ्या खणांत गोळा आला होता.

मी एक जुनी औषधांची ट्रॉली आहे. मुलांच्या वॉर्डात राहते. माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका कारागिराने पत्रा कापला, दुसऱ्याने वाकवला आणि तिसऱ्याने सांधे जोडताना इतक्या ठिणग्या उडवल्या की माझ्या जन्माचीच आतषबाजी झाली. मग मला पांढरा रंग दिला, चाके बसवली आणि पुठ्ठ्यात गुंडाळून दवाखान्यात पाठवले. तिथे आमच्या मोठ्या सिस्टरांनी मला पहिल्यांदा ढकलून पाहिले. तेव्हा त्या एवढ्या मोठ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, ही तर बोट लावताच पळते!" तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

माझे काम सरळ आहे. खणांत औषधे ठेवायची आणि सिस्टरबरोबर खाटेखाटेला जायचे. पण इतकी वर्षे काम करून मी एक विद्या शिकले आहे. माझ्या दांड्यावरच्या पकडीवरून मला सिस्टरचा दिवस कळतो. झोप झालेली असेल तर हात हलका असतो. घरी कुणी आजारी असेल तर बोटे दांड्यावर उगीच वाजत राहतात. आणि सिस्टर फार दमलेली असेल तर ती मला ढकलत नाही. ती माझ्यावर रेलते. बघणाऱ्याला वाटते, ट्रॉली पुढे चालली आहे. खरे तर मी तिला धरून चाललेली असते.

पुढे पुढे माझी रया गेली. कडांचा रंग उडाला, एक खण अडकू लागला. मग जो येईल तो माझ्यावर काहीही ठेवू लागला. चहाचे कप, हेल्मेट, एक्स-रेची पाकिटे. एकदा तर कुणीतरी भिजलेली छत्री उघडून वाळत ठेवली होती! वॉर्डातले मामा, म्हणजे आमचे कामगार, ती बघून म्हणाले, "आता हिच्यावर पापडच वाळत घाला." सगळे हसले. मी मात्र सिस्टरांकडे पाहिले. त्यांच्यावरही लोक असेच काही ना काही ठेवून जात. एक निरोप, एक तक्रार, एक फोन, एक "जरा बघता का". माझ्यावरचे निदान दिसत तरी होते.

आता औषध देण्याची रीत ऐका, म्हणजे पुढचे समजेल. आधी मुलाच्या मनगटावरचे नाव वाचायचे. मग बाटलीवरचे नाव वाचायचे. मात्रा मोजायची. औषध पाजायचे. आणि लगेच, तिथल्या तिथे, तक्त्यावरच्या चौकोनात खूण करायची. मोठ्या सिस्टर नव्या मुलींना बजावत, "दिलं की खूण. मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही." रीत अगदी चोख होती. पण त्या मधल्या एवढ्याशा फटीतूनच सगळे जग आत घुसायला बघत असे.

आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक आठ वर्षांची मुलगी होती. तिच्या हृदयाचे ठोके मध्येच ताल सोडत, म्हणून तिला थेंबांचे औषध होते. हे थेंब फार जपून द्यावे लागतात. एखादी मात्रा राहिली तर निभावते, पण दुप्पट गेली तर ठोके ताळ्यावर येण्याऐवजी पार बिघडू शकतात. तोंडाची टकळी दिवसभर चालू असल्याने सगळे तिला टकळीच म्हणत. थेंब होते कडू. त्यामुळे औषधाची वेळ झाली की तिचे ठरलेले असे.

"मी घेतलं की मघाशी!"

"हो का? कुणी दिलं गं?" लहान सिस्टर विचारायची.

"तुम्हीच! विसरलात? वय झालं तुमचं."

"झालं हो. पांढरे केस तेवढे टोपीत लपवलेत. आता आ कर, ताईसाहेब."

मग टकळी खुदकन हसायची आणि पकडली जायची. खोटे बोलताना तिला हसू आवरत नसे. ही लहान सिस्टर वॉर्डातल्या सिस्टरांमध्ये वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तिचे नाव तसे पडले होते. पण कोणत्या मुलाला कुशीवर झोपवले की तो शांत होतो आणि कोण सुईपेक्षा स्पिरिटच्या वासाला भितो, हे तिला विचारावे.

त्या दिवशी तिच्या जोडीची सिस्टर तापाने घरी होती. बदली कुणी आले नव्हते. मोठ्या सिस्टर सकाळपासून एका अत्यवस्थ बाळाजवळ अडकल्या होत्या. लहान सिस्टर आदल्या पाळीपासूनच थांबलेली होती. तिचा डबा औषधांच्या खोलीत तसाच बंद पडून होता. ती माझ्यावर रेलून चालत होती आणि तिच्या तळहाताचा घाम माझ्या दांड्याला लागत होता.

आम्ही टकळीच्या खाटेशी आलो. सिस्टरने नाव वाचले, बाटली वाचली, थेंब मोजून इवल्याशा कपात घेतले आणि टकळीला पाजले. टकळीने तोंड वाकडे केले. सिस्टरने पेन उचलले.

तेवढ्यात पलीकडून एक आजी ओरडली, "सिस्टर, धावा! पोराला ठसका लागलाय, निळं पडतंय!"

पेन माझ्यावर आपटले आणि सिस्टर धावली. धावायलाच हवे होते. तिने त्या बाळाला उपडे धरले, पाठीवर थापटले, घशात अडकलेले दूध बाहेर काढले. बाळ रडले तेव्हा मला हायसे वाटले. पण ती परत वळते न वळते तोच फोन वाजला. मग एकाचे सलाइन संपले. मग एका काकांनी तिला दारातच गाठले. "सिस्टर, एकच मिनिट, आमचा रिपोर्ट कुठाय?" दरम्यान सफाईच्या मावशी आल्या आणि वापरलेले कप पिशवीत भरून घेऊन गेल्या. टकळीच्या खाटेशेजारी मी एकटी उभी होते.

सिस्टर परत आली. तिने तक्ता पाहिला. चौकोन रिकामा होता.

"दिलं होतं का मी?" ती पुटपुटली.

दिलं! दिलं होतंस! माझा पत्रान् पत्रा ओरडत होता. पण पत्र्याचे ओरडणे कुणाला ऐकू येते? सिस्टरने कपाळ दाबले, डोळे मिटले, उघडले. रोज तेच थेंब, तोच कप, तीच खाट. कालची आठवण आजच्या आठवणीवर चिकटून बसली होती आणि दोन्ही वेगळ्या होत नव्हत्या. तिने नवा कप घेतला. थेंब मोजू लागली.

"मी घेतलं ना पण!" टकळी म्हणाली.

"रोजचंच आहे तुझं."

"नाही, आज खरंच घेतलं! शप्पथ."

"काल पण शप्पथच होती. आ कर, राणी. मला अजून अर्धा वॉर्ड बाकी आहे."

टकळीची आई औषधे आणायला खाली गेली होती. शेजारच्या खाटेवरचा मुलगा झोपला होता. साक्ष द्यायला कुणीच नव्हते आणि जिला ठाऊक होते ती मी, ब्रेक लावून उभी. कप टकळीच्या ओठांना लागला. टकळीने ओठ घट्ट मिटले. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी आले. ती हसली नाही.

सिस्टरचा हात थांबला.

ती टकळीकडे बघत राहिली. मग तिने कप माझ्यावर ठेवला. आता काय करायचे? चौकोनात गुपचूप खूण केली असती तर कुणाला काही कळले नसते. पण तिच्या लेखी ती खूण खरी नसती. आणि खरे सांगायचे तर कसे? पूर्वी एका सिस्टरने आपली चूक आपण होऊन सांगितली होती, तेव्हा तिला वरच्या साहेबांनी सगळ्या वॉर्डासमोर फैलावर घेतले होते. ती पुढे नोकरी सोडून गेली. तेव्हापासून सगळ्याच जणी तोंड मिटून काम करत. लहान सिस्टरची बोटे माझ्या दांड्यावर आवळली गेली. दांडा नव्हे, जणू माझा गळाच धरला होता.

मोठ्या सिस्टर कापूस घ्यायला माझ्याकडे आल्या आणि हिचा चेहरा बघून थबकल्या.

"काय गं?"

"टकळीचे थेंब दिले की नाही, मला आठवत नाही." तिचा आवाज ऐकूच येईना. "आत्ता दुसऱ्यांदा देत होते."

मोठ्या सिस्टरांनी टकळीचे मनगट हातात घेतले आणि घड्याळावर डोळे लावले. मग डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, खात्री नसेल तर आता देऊ नका, ठोके बघत राहा, मी येतो. मोठ्या सिस्टरांनी तो कप स्वतः बेसिनमध्ये रिकामा केला. मग वळून विचारले,

"खूण करताना कोणी हाक मारली तुला?"

"सगळ्यांनी."

"पाणी कधी प्यायलीस?"

"ते पण आठवत नाही," लहान सिस्टर म्हणाली आणि रडू लागली.

मित्रांनो, ती दुपार संपता संपेना. थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी टकळीची नाडी बघे आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघे. टकळीची आई वर आली तेव्हा दोघींनी तिला खरे ते सांगितले.

"म्हणजे माझ्या पोरीला दोनदा दिलं?" आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"दिलं नाही. पण देणार होते," लहान सिस्टर म्हणाली.

"देणार होते म्हणजे? मी विश्वासाने सोडून गेले होते तिला!"

आईने मुलीला जवळ ओढले आणि पाठ फिरवली. संध्याकाळी डॉक्टरांनी ठोके नीट आहेत असे सांगितले, तेव्हा कुठे ती वळली. "सांगितलंत म्हणून कळलं. नाहीतर मला कधी कळलंच नसतं," ती म्हणाली. हे बोलणे रागाचे होते की दुसऱ्या कशाचे, मला आजवर उमगलेले नाही.

मोठ्या सिस्टर दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसात गेल्या. नंतरही पुन्हा पुन्हा गेल्या. चूक कुणाची हे विचारू नका, चूक कुठून आत शिरते ते विचारा, असे त्यांनी ठणकावून सांगितल्याचे मामांनी आम्हांला ऐकवले. सगळे काही मिळाले नाही. जादा सिस्टर लगेच आली नाही. पण काही गोष्टी बदलल्या. औषधे देताना सिस्टरने खांद्यावरून लाल पट्टा घालायचा आणि पट्टा असेपर्यंत तिला कुणी हाक मारायची नाही. फक्त जिवावर बेतले तरच. त्या वेळी फोन मामांनी घ्यायचा. जपून द्यायची औषधे दोघींनी मिळून तपासायची. आणि जेवताना सिस्टरने खुर्चीवर बसायचे, तोवर तिच्या खाटा दुसरीने सांभाळायच्या. मामा तो पट्टा पाहून म्हणाले, "सिस्टर, कुठली शर्यत जिंकून आलात?"

"अजून पळतेच आहे, मामा," लहान सिस्टर म्हणाली. पण त्या दिवशी माझ्या दांड्यावरचा हात हलका होता.

तरी माझी धास्ती काही गेली नाही. नियम भिंतीवर लागतो त्याच दिवशी माणसांच्या अंगी लागत नाही. पट्टा डोळ्यांसमोर दिसत असूनही लोक म्हणतच, "सिस्टर, एकच मिनिट." त्या एका मिनिटात काय काय मावते, हे मी पाहिले आहे. म्हणून तुम्हांला सांगते. कधी दवाखान्यात गेलात तर सिस्टरच्या हातात काय आहे ते आधी बघा. औषध असेल तर थांबा. ती बसून दोन घास खात असेल तर तिला काम टाळते आहे असे म्हणू नका. दमलेल्या माणसाच्या हातून आपल्या माणसाला औषध मिळू नये, एवढा साधा हिशेब आहे. आणि तिने खरे सांगितले तर निदान ऐकून घ्या.

टकळी घरी जायच्या दिवशीची गोष्ट. थेंबांची वेळ झाली. आई सामान आवरत होती. लाल पट्टा घालून लहान सिस्टर माझ्याबरोबर खाटेशी आली. मोठ्या सिस्टरांनी मात्रा बघून मान हलवली आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. टकळीने थेंब घेतले, तोंड वाकडे केले. सिस्टरने पेन उचलले. नेमके तेव्हाच दारातून कुणीतरी हात हलवत ओरडले, "सिस्टर, एकच मिनिट!"

इतक्या वर्षांची सवय. सिस्टरची मान वळली, एक पाऊलही उचलले गेले. माझी चाके जागच्या जागी थिजली.

टकळीने हात पुढे केला आणि लाल पट्ट्याचे टोक मुठीत पकडले. सिस्टरने चमकून खाली पाहिले. टकळी एक अक्षर बोलली नाही. तिने दुसऱ्या हाताचे बोट तक्त्यावरच्या रिकाम्या चौकोनावर टेकवले आणि सिस्टरने खूण करेपर्यंत पट्टा सोडला नाही.