ललिताबाईने कढई चढवली

अनारशाचं काम चोरून करता येत नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सावलीत पसरायचे, मग कुटून, चाळून, गूळ मिसळून गोळा मुरत ठेवायचा. ललिताबाईच्या घराला पुढे उघडी ओसरी आणि त्यापुढे गावचा रस्ता. दिवाळीच्या दहा दिवस आधी त्या ओसरीवर एका पांढऱ्या दुपट्ट्यावर ओले तांदूळ पसरलेले दिसले, आणि तासाभरात सगळ्या गावाला खबर लागली. दुपट्टा मुखरूचा होता, हेही गावाच्या नजरेतून सुटलं नाही. आमच्या गावाला स्वतःच्या घरातली गळकी कौलं दिसत नाहीत, पण दुसऱ्याच्या ओसरीवर काय वाळतंय ते बरोबर दिसतं.

मुखरू म्हणजे ललिताबाईचा नवरा. आखाडात तो मूलच्या बाजाराला खत आणायला गेला होता. परतताना नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी जात होतं. थांब म्हणणारे होते, पण मुखरू कोणाचं ऐकणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याची मोटरसायकल दोन किलोमीटर खाली बाभळीत अडकलेली सापडली. माणूस सापडला नाही. चार दिवस नाव फिरली, गावातली पोरं काठाकाठाने वैनगंगेपर्यंत जाऊन आली. शेवटी पोलिसांनी कागदावर बेपत्ता असं लिहिलं आणि ते निघून गेले.

दहाव्या दिवशी ललिताबाईचा जेठ, म्हणजे मुखरूचा मोठा भाऊ लटारूभाऊ, चार माणसं घेऊन आला. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि पुढे दहावं-तेरवी उरकायची, अशी आमच्याकडची रीत. लटारूभाऊ हळू आवाजातच बोलला. ललिताबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भाऊजी, पानं आणाल तं मी बकरीले घालीन.”

मग कोण काय बोलणार? तेरवी झाली नाही. कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. गावाने मनातल्या मनात मुखरूला केव्हाच पोचवलं होतं, फक्त त्याचं घर ते कबूल करत नव्हतं.

आता ललिताबाईच्या डोक्यावर परिणाम झाला होता, असं कोणी समजू नये. तिच्यापाशी कारण होतं आणि ते चांगलं भक्कम होतं. तिच्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात मुखरू असाच पुरात गेला होता. घरात रडारड झाली, बायकांनी तिचं कुंकू पुसलं, तिनेही पुसू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हा पठ्ठ्या पलीकडच्या गावातून कोणाचा तरी सदरा घालून चालत आला. शेजाऱ्यांनी आणलेला पिठलं-भात अजून चुलीपाशी होता. त्याने पाटावर बसून तोच खाल्ला आणि वर मीठ कमी आहे म्हणाला! त्यानंतर तीस वर्षं, चार माणसं जमली की तो ललिताबाईकडे बोट दाखवून म्हणायचा, “ही तं मले दोन दिवसात मारून मोकळी झाली होती.” लोक हसायचे, तीही हसायची. पण ते तिला प्रत्येक वेळी लागायचं. यावेळी ती घाई करणार नव्हती.

म्हणून तांदूळ भिजले.

ज्या घरात वर्षभरात मयत झालं, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. शेजारपाजारचे आपलं फराळाचं ताट आधी त्या घरी पोचवतात आणि मगच आपल्या देवापुढे ठेवतात. रीत चांगली आहे. रडणाऱ्याला कोणी एकटं टाकत नाही, आणि त्या घरच्या बाईला सणासुदीला चुलीपाशी उभं राहून डोळे पुसावे लागत नाहीत. पण ताट घ्यायचं म्हणजे आपल्या घरी माणूस गेला, हे मान्य करायचं.

धनतेरसच्या दुपारी समोरच्या घरची सून रंजीता पदराखाली ताट घेऊन आली. बिचारीला सासूने धाडलं होतं. गोळा मुरत होता आणि ललिताबाई उखळाशी जास्तीची पिठी कुटत बसली होती.

“काय व हे?”

“थोडसंक आहे काकू. चिवडा अना शंकरपाळे.”

“आज? लक्ष्मीपूजन तं परवा आहे.”

रंजीता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली.

“माझ्या घरी होऊन राह्यलं सारं. तुले दिसते ना तिकडून? वापस ने. अना सासूले सांग, आमच्या घरी कोनी मेलं नाई.”

पोरगी ताट घेऊन उलट्या पावली गेली. सणाचं भरलं ताट दारातून परत पाठवणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच. ललिताबाईला हे कळत होतं. पण तिने मुसळ काही थांबवलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिने कढई चढवली. पहिले तीन अनारसे तुपात पडल्याबरोबर हसले, म्हणजे पसरून विरघळून गेले. असं झालं की बायका तुपाला दोष देतात, गुळाला देतात, पण तांदूळ नवा वापरल्याशिवाय सहसा असं होत नाही. जुना तांदूळ वेगळा काढून ठेवायचं काम दरवर्षी मुखरू करायचा. तिने पिठी घालून गोळा सारखा केला. मग मात्र एकेक नीट उतरला. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून गरम तूप घालत राहायचं. जाळी अशी पडली की कोळ्याने पाहावी. पाच अनारसे तिने वेगळ्या डब्यात ठेवले, मुखरूच्या वाट्याचे. बाकीचे अकरा ताटांत लावून ती अकरा घरी स्वतः देऊन आली.

सगळ्यांनी घेतले. “वा काकू, काय जाळी पडली!” असंही म्हणाले. तिच्यासमोर एकानेही तुकडा मोडून तोंडात टाकला नाही. ते तिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

पाडव्याला आमच्याकडे गायगोधन. सकाळीच गुरं धुवायची, शिंगं रंगवायची, त्यांना खिचडी खाऊ घालायची. ललिताबाई जेठाच्या गोठ्यात बैलांना ओवाळायला गेली. मुखरूची जोडी पुरानंतर तिथेच बांधलेली असायची. गव्हाणीत खिचडी होती, कोंडा होता, आणि कोंड्यात तिचे अनारसे होते. एकदोन नव्हे, ढीगभर. गल्लीतल्या सगळ्यांनी आणून इथेच टाकलेले दिसत होते.

मोठी जाऊ, गुणाबाई, मागे उभी होती. तिला पळायला जागा नव्हती.

“फेकले नाई, ललिता. मुक्या जिवाच्या तोंडी घातले.”

“माझ्या हातचं माणसाच्या तोंडी जात नाई काय आता?”

“कसं जाईल? तेरवी झाली नाई, सुतक फिटलं नाई. कोन खाईल सुतकाचं तळण? सनासुदीचं कोनाले भेव नाई वाटत?”

“मानूसच मेला नाई तं सुतक कायचं, बाई?”

गुणाबाईने गव्हाणीतला कोंडा अनारशांवर सारला. तिने यंदा स्वतःच्या घरीही कढई चढवली नव्हती, धाकट्या दिराचं सुतक धरून. चार महिने ती गुपचूप पाळत होती आणि बोलत नव्हती.  ललिताबाई मात्र तोंड फिरवून चालती झाली. घरी येऊन तिने पुन्हा चूल पेटवली, कढई ठेवली आणि उरलेल्या गोळ्याचे अनारसे थापायला घेतले. हट्ट म्हणा की आणखी काही म्हणा, हात रिकामे राहिले असते तर तिला वेड लागलं असतं.

बाराच्या सुमाराला दिव्यानी आली. ललिताबाईची एकुलती एक लेक, ऊर्जानगरला दिलेली. जावई पवन तिथे वीज केंद्रात ठेकेदाराकडे होता. दरवर्षी दिवाळीला दिव्यानी आपल्या हातच्या करंज्या आणायची आणि आईकडून अनारसे न्यायची. यंदा तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढून चुलीपाशी ठेवला आणि काही न बोलता पाणी प्यायला गेली.

ललिताबाईने झाकण काढलं. करंज्या नव्हत्या. शंकरपाळे होते, चकल्या होत्या, शेव होती. तीस वर्षं तळण केलेल्या बाईला डब्यात काय आहे हे सांगावं लागत नाही. शंकरपाळे तीन आकारांचे होते. चकल्या दोन साच्यांच्या, एक भाजणीची आणि एक तांदळाची. शेव कोणी लसूण घालून केली होती आणि लसूण दिव्यानी घालत नसे.

“हे एका हातचं नाई.”

दिव्यानी दारातच थांबली.

“कोनाचं आहे?”

“क्वार्टरमधल्या शेजारनींनी आणून देल्लं. मी यंदा काही केलं नाई, आई.”

“काऊन नाई केलं? हात मोडले होते?”

“सासूबाई म्हणाल्या, कढई चढवू नको.”

“काऊन? कोन मेलं तुझ्या घरी?”

“माझे बाबा मेले.”

ललिताबाईचा हात उठला. पिठाने माखलेला हात तसाच वर राहिला. दिव्यानी मागे सरली नाही.

“मार. पन मले एकदा रडू दे. इथी येते तं तू म्हणते, काऊन डोये गाळून राह्यली, मेला काय तो? तिथी रडते तं लोक विचारतात, तेरवी कधी झाली? काय सांगू त्याईले? शेजारनींनी काही न विचारता ताटं आणून ठेवली, तं मी बाथरूममधी जाऊन रडली. परक्या बाया त्या, कोनी आंध्राची, कोनी बिहारची. त्याईले समजलं. तुले नाई समजत?”

“तो वापस आला होता,” ललिताबाई म्हणाली. “मी त्याले मारून टाकलं होतं अना तो आला.”

“तिसऱ्या दिवशी आला होता, आई. तिसऱ्या. आता चार महिने होऊन राह्यले.”

कढईत घातलेला अनारसा लाल झाला, मग काळा झाला. दोघींपैकी कोणी काढला नाही.

खरं सांगायचं तर ललिताबाईला पोळ्यालाच कळलं होतं. बैलांना सजवताना जोडीतल्या डाव्या बैलाने मुखरूसाठी मान वळवून दाराकडे पाहिलं नाही, आणि तिला वाटलं, याने सोडून दिलं, आपणच धरून बसलोय. पण तोंडाने म्हणेल तीच त्याला मारील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. एकदा ते पाप तिच्या हातून झालेलं होतं. तीस वर्षं सगळ्यांसमोर त्याची बोलणी खाल्ली होती. आणि आता वाटत होतं, त्याने परत येऊन पुन्हा तसंच बोलावं, चारचौघांत बोट दाखवून हसावं, वाट्टेल ते म्हणावं. त्यासाठी तिने पोटच्या पोरीला चार महिने रडू दिलं नव्हतं. हे मात्र तिला आत्ता, या क्षणी कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ढोलकी वाजली. गायगोधनाच्या दिवशी गावचा गायकी, म्हणजे गुराखी, आपल्या माणसांना घेऊन घरोघर येतो, दारात नाचतो, घरची बाई सुपात धान्य आणि फराळ घालते. दुःखाच्या घरापुढे तो वाजवत नाही आणि तिथला वाटाही मागत नाही. आमचा गायकी झिंगू, साठीचा म्हातारा, डोक्याला फेटा आणि हातात मोरपिसं बांधलेली काठी. ढोलकी घराघराने जवळ आली, रंजीताच्या दारात वाजली आणि ललिताबाईच्या दारात येऊन एकदम थांबली.

 नाचणारे एकमेकांकडे पाहू लागले. समोर रंजीता सासूच्या मागे उभी राहून बघत होती. वरच्या अंगाला गुणाबाई दारात आली होती. झिंगूला कोणी काही शिकवलेलं नसावं, किंवा शिकवलं असेल तरी म्हाताऱ्याचं मन होईना. तो आपला सरळ विचारता झाला.

“बाई, मुखरूभाऊचं दार आहे. कोनी म्हणते वाजव, कोनी म्हणते नको. तूच सांग. वाजवू काय?”

ललिताबाई उठली. तिने कढई चुलीवरून उतरवली, हाताचं पीठ लुगड्याला पुसलं आणि दारात आली. झिंगूकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. रस्ता नाल्याकडे जाणारा, मुखरूच्या मोटरसायकलीचा. त्याच्यावर कोणी नव्हतं.

“नको वाजवू, झिंगूभाऊ,” ती म्हणाली. “यंदा आमच्या घरी दिवाळी नाई.”

झिंगूने मोरपिसांची काठी खाली केली, ढोलकीवाल्याला हाताने खूण केली आणि सगळे पाय न वाजवता दारावरून पुढे गेले. मागे घरात दिव्यानीने मोठ्याने गळा काढला. ललिताबाईने तिला गप्प केलं नाही.