उजव्या दाढेची झीज

काल दोन्ही बूट सरळ होते, म्हणून आज तिने उजवा किंचित तिरका केला. दोन पावलं मागे सरून, जिना चढून येणाऱ्या माणसाच्या नजरेने तिने ते एकदा पाहिले. नवरा दमून आला, दारात बूट काढले आणि आत जाऊन आडवा झाला, असं कुणालाही वाटलं असतं. समाधान झाल्यावर तिने कुलूप लावलं आणि ती कामाला निघाली.

घरात कुणी नव्हतं. बुटांचा मालक चार महिन्यांपूर्वी दोन बॅगा घेऊन गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. एका रविवारी चहा पिता पिता "मला इथे गुदमरल्यासारखं होतं" म्हणाला, आणि पुढच्या रविवारी गेला. बूट राहिले, कारण ते त्याला चावायचे.

या देशात ती राहत होती ती त्याची बायको म्हणून. परवान्यावर तसं छापलेलंच होतं. नवऱ्यापासून वेगळं झालात तर लगेच कळवा, असंही मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. तिने ते वाचलं होतं, आणि कळवलं नव्हतं. ओळखीच्यांच्या ओळखीतल्या एका बाईने कळवलं होतं म्हणे, आणि पंधरा दिवसांत तिला सामान बांधायला लागलं होतं. हे खरं की ऐकीव, हे विचारायचीही तिची छाती झाली नाही. तेव्हापासून दारावरची बेल वाजली की ती आधी दाराच्या भिंगातून पाहायची. पोस्टमनला पाहिलं तरी जिन्यातच थबकायची. तो बिचारा बहुतेक वेळा शेजारच्यांची मासिकं द्यायला आलेला असायचा.

ती कवळ्या बनवायची. डॉक्टर माणसांच्या जबड्याचे ठसे पाठवायचे, ती त्यात प्लास्टर ओतून दातांचे साचे काढायची आणि त्यावरून कवळ्या, दात, झोपेत दातांवर घालायच्या पट्ट्या तयार व्हायच्या. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि तीन माणसं. मालकाला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण कुणाचीही चूक काढताना त्यांचा आवाज आपसूक चढायचा.

त्या दिवशी तिने तासाभरात दोन साचे फोडले. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय गं, लक्ष कुठंय?"

तिने खिशातलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. परवान्याचं नूतनीकरण होतं. येत्या मंगळवारी सकाळी दहा वाजता तपासनीस घरी येणार होत्या. पती-पत्नी दोघांनी हजर राहावं.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. "मग? सांगून टाक की खरं काय ते."

"आणि पाठवून दिलं तर? तिकडे आता आहे काय माझं? आईला तर अजून सांगितलंही नाही. दर फोनला विचारते, जावई बरे आहेत ना."

"तू काय सांगतेस?"

"बरे आहेत म्हणते. असतीलच."

मास्तर हसले नाहीत. "लग्न खरं होतं ना? मग घाबरतेस कशाला?"

हे बोलायला सोपं होतं. मास्तर इथेच जन्मले होते.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन केला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. मनाशी दहा वाक्यं घोकून ठेवली होती, त्यातलं एकही लागलं नाही.

"येतो ना मी," तो लगेच म्हणाला. "तासाभराचा तर प्रश्न आहे. शेजारी बसतो, चहा पितो, निघतो. तुझं काम झालं म्हणजे झालं."

"पकडलं तर?"

"कोण पकडतंय? तू उगाच घाबरतेस."

त्याचा स्वभावच तसा, हो म्हणायला उशीर नाही. तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं की लाजेचं हे तिलाच कळेना. मग तिने तयारी सुरू केली. दुसरा टूथब्रश आणला आणि नवा दिसू नये म्हणून बोटाने घासघासून त्याचे केस वाकवले. त्याचा एक सदरा मागे सापडला, तो दोरीवर टाकला. सोमवारी बुटांना पॉलिश केलं. हात कामाचे, अर्धवट काही सोडायची सवय नाही. तिने ते उलटे केले आणि तळाच्या खाचांमधली सुकलेली माती आपल्या टोकदार हत्याराने कोरून काढली, वर ओल्या फडक्याने पुसलंही.

मंगळवारी दहाला पाच कमी असताना बेल वाजली. तोच असेल म्हणून ती धावली. दारात तपासनीस बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, खांद्याला जाड पिशवी, चेहरा रागीट नाही आणि प्रेमळही नाही.

"दोघं आहात ना?"

"येतीलच. आत्ता... जवळच गेलेत."

बाई पायातले काढायला वाकल्या. आपले बूट नवऱ्याच्या बुटांशेजारी ठेवताना त्यांनी त्यातला एक उचलला, उलटा केला, क्षणभर पाहिला आणि जागच्या जागी ठेवला. झिजलेला दात हातात आला की ती स्वतः असंच पाहायची.

आत बसल्यावर बाईंनी कागद मागितले. लग्नाचा दाखला होता. घराचा करार होता, पण तो एकट्या नवऱ्याच्या नावावर. फोटो होते.

"हे सगळे लग्नातले," बाई म्हणाल्या. "लग्नातले फोटो सगळ्यांकडेच असतात. नंतरचे?"

"त्यांना फोटो काढून घ्यायला आवडत नाही."

दहा वाजून वीस मिनिटं झाली. टेबलावर मांडलेल्या तीन कपांपैकी एकातही चहा ओतलेला नव्हता. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. त्याचाच निरोप होता. 'नाही येत. खालपर्यंत आलो होतो. भीती वाटली.'

तिने तो वाचला आणि फोन पालथा घातला. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आली ती कीवच. तो इतका घाबरट आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ते येणार नाहीत," ती म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "चार महिने झाले. ते इथे राहत नाहीत. बूट मीच ठेवते."

"वापरातल्या बुटांचे तळ इतके स्वच्छ नसतात," बाई म्हणाल्या. "हे तुम्ही ते गेले तेव्हाच कळवायला हवं होतं. वेगळं होण्यात गुन्हा नाही. लपवलंत, ते मला लिहावं लागेल."

"लिहा."

"लग्न खरं असेल तर तुम्हाला स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. पण ते सिद्ध तुम्हाला करायचंय. तीन वर्षं एकत्र राहिलात याला आधार काय?"

काय होता आधार? एका ताटात जेवलेलं, तापात उशाशी बसलेलं, याच्या पावत्या कोण ठेवतं. ती अचानक उठली, कपाटातला खोका काढला आणि त्यातले तीन साचे टेबलावर ओळीने मांडले. प्लास्टरचे, पांढरे. प्रत्येकाच्या तळाशी नवऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली होती. मास्तरांची शिस्तच होती तशी.

"हे त्यांचे दात. ते झोपेत दात खातात. त्यासाठी पट्टी लागते, ती मी दर वर्षी करून द्यायचे, ते कधी घालायचे, कधी नाही. हा पहिल्या वर्षीचा साचा. सुळा बघा, टोक आहे. हा दुसऱ्या वर्षीचा, टोक गेलं. हा तिसरा. उजवीकडच्या दाढा पार सपाट झाल्यात. उजव्या कुशीवर झोपतात ना ते."

बाईंनी तिसरा साचा हातात घेतला, खिडकीपाशी नेला.

"कशाने व्हायचं असं?"

"नोकरी जाईल म्हणून घाबरायचे. वडिलांना काही होईल म्हणून. दिवसा बोलायचे नाहीत, झोपेत कराकरा वाजायचं. मी खांद्यावर हात ठेवला की थांबायचं. डॉक्टरला काय, त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. मीच ओळखलं."

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे मी नेऊ का?"

तिने साचे कापसात गुंडाळून दिले, कडा पटकन तुटतात म्हणून. निकाल पत्राने कळणार होता, दीड-दोन महिन्यांनी. काय लागेल, हे बाईंच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

त्या गेल्यावर तिने बूट उचलून खोक्यात घातले आणि बाहेर एकट्या आपल्या चपला ठेवल्या. भीती काही त्या खोक्यात मावली नाही. पोस्टमन अजून यायचाच होता.

दुसऱ्या दिवशी कामावर डबा खाताना तिच्या उजव्या जबड्यातून कळ गेली. गेले कित्येक दिवस सकाळी उठताना तिथे दुखायचं. तिने जिभेने दाढ चाचपली. मग डबा झाकला, ठसा घ्यायचा मसाला कालवला आणि तो जबड्याच्या आकाराच्या पळीत भरून ती स्वतःच्याच तोंडात दाबून धरली.

त्या ठशात ओतलेलं प्लास्टर सुकल्यावर मास्तर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी साचा दिव्याखाली धरला.

"कुणाचा गं हा? उजवी दाढ बघ कशी घासलीय."

"माझा."

मास्तरांनी तो हळूच टेबलावर ठेवला. चूक काढली नाही. कपाटातून पट्टीच्या नोंदीचा कोरा तक्ता आणून तिच्यापुढे सरकवला आणि स्वतःच्या जागेवर गेले.

तिने साच्याच्या तळाशी आपलं नाव आणि तारीख कोरली. मग तक्ता भरायला घेतला. नाव लिहिलं. पत्ता लिहिला, मजला आणि दाराच्या नंबरासकट. शेवटच्या ओळीत 'पुढील तपासणी' असं छापलेलं होतं. पट्टी एक वर्षाने तपासायची असते. तेव्हा आपण इथे असू की नाही, हे अजून न आलेल्या पत्रावर होतं. मग तिने पुढच्या वर्षीची तारीख लिहिली आणि तक्ता इतरांच्या तक्त्यांमध्ये लावून ठेवला.